मानपत्रातली खोट

मँचेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात मानपत्र लिहायचं काम गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलं नाही, मीच ओढून घेतलं. झालं असं, की एका डॉक्टरांच्या सत्काराला कुणीतरी जुन्याच मानपत्रात नाव बदलून नवं तयार केलं होतं, आणि त्यात 'धरणबांधणीतले अग्रणी' हे शब्द तसेच राहिले. डॉक्टर मान डोलावत होते, लोक टाळ्या वाजवत होते. घरी येताना ट्राममध्येच मी ठरवून टाकलं, की यापुढे हे काम माझं. दिवसभर मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते, तिथलं सगळं बोलणं इंग्रजीत आणि तेही तीन-चार शब्दांचं. त्यामुळे वर्षातून एकदा 'आपल्या कर्तृत्वाचा परिमळ दाही दिशांना दरवळो' असं काहीतरी लिहायला मिळतं, ती माझी चैन आहे. हसू नका. एकदा लिहून बघा, मग कळेल किती बरं वाटतं ते.

गेल्या वर्षी जुलैत मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "ताई, या गणपतीत सत्कार कुणाचा, ओळखा."

मी दोन-तीन नावं घेतली.

"अहो, तुमच्या भाचीचा! कमिटीत युनॅनिमस झालं."

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. जन्म इथलाच, वय तेवीस, कौन्सिलच्या ट्रॅफिक विभागात नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ ड्रम कोअरमध्ये ट्रम्पेट. ड्रम कोअर म्हणजे काय हे कळायला मला दोन वर्षं लागली. पुण्याला फोनवर सांगताना मी लग्नातला बँड आणि परेड यांच्या मधलं काहीतरी, असं सांगून मोकळी होते. पन्नासेक माणसं फुटबॉलच्या मैदानावर उतरतात. निम्म्यांकडे ब्रासची वाद्यं, काहींच्या गळ्यात ड्रम, कडेने झेंडे फिरवणारे. दहा-बारा मिनिटं ही माणसं चालत, पळत, उलटी मागे जात वाजवतात आणि मैदानावर आकृत्या करतात, आणि परीक्षक वर स्टँडमध्ये बसून गुण देतात. मध्येच सगळे थांबतात आणि एकटा कुणीतरी पुढे येऊन वाजवतो. आमच्या कोअरमध्ये ते एकटं कुणीतरी म्हणजे माझी भाची. जूनमध्ये एकल वादनाची मोठी स्पर्धा झाली, त्यात देशभरातले ब्रासवाले आले होते. त्या सगळ्यांत ती पहिली आली.

तिचा डावा हात जन्मापासून कोपराखाली चार बोटं भरेल एवढ्याच लांबीचा आहे. ट्रम्पेटची बटणं उजव्या हाताने दाबतात आणि वजन डाव्यावर असतं. ती अकरा वर्षांची असताना माझ्या इंजिनिअर भावाने क्रिकेटच्या पॅडचे पट्टे आणि सायकलच्या दुकानातली एक पकड जोडून तिच्या त्या हातावर बसेल अशी खोबणी तयार केली, भाची तिला ब्रॅकेट म्हणते. त्या खोबणीत ट्रम्पेट बसतो. आतापर्यंत त्या खोबणीच्या नऊ आवृत्त्या झाल्या, आणि दर आवृत्तीच्या वेळी माझी वहिनी म्हणते की गॅरेजमध्ये आता गाडीला जागा राहिलेली नाही.

तर मी मानपत्र लिहायला बसले. स्वतःच्या भाचीचं म्हटल्यावर काय विचारता, लेखणीला पंखच फुटले. 'क्रूर नियतीने जन्मतःच घाव घातला, परंतु या रणरागिणीने दुर्दम्य इच्छाशक्तीच्या बळावर अपंगत्वाचा पर्वत लीलया ओलांडला.' हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून चहा केला, इतकी मी स्वतःवर खूश झाले होते. त्याच संध्याकाळी अध्यक्षांना ईमेल केलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, "डोळ्यांत पाणी आलं."

तिकडे कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळाच घोळ सुरू होता. शाल ठीक आहे, पण श्रीफळ कसं द्यायचं? एका हाताने नारळ कसा घेणार? वर पुष्पगुच्छ, फ्रेम केलेलं मानपत्र! कुणी म्हणालं, नारळ टेबलावरच ठेवू. कुणी म्हणालं, छान रिबनच्या पिशवीत देऊ. एकीने तर सुचवलं की नारळाऐवजी सुपारी द्या, शास्त्राला चालते. एकशे चाळीस मेसेज झाले आणि त्यात तिला कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, हे कबूल करते. उलट पिशवीची कल्पना मला बरी वाटली होती.

शनिवारी दुपारी ती माझ्याकडे जेवायला येते. तिच्या आईला घरात तळणाचा वास चालत नाही, त्यामुळे बटाटेवडे खायचे तर आत्याकडे, असा लहानपणापासूनचा नियम आहे. मी एकटी राहते, आणि माझा आठवडा त्या शनिवारासाठीच असतो म्हटलं तरी चालेल. त्या शनिवारी तिच्यापुढे ताट ठेवून मी चष्मा लावला आणि मानपत्र मोठ्याने वाचायला घेतलं.

"रणरागिणी म्हणजे?" तिने विचारलं.

"वॉरियर. लढणारी बाई."

"कोणाशी?"

मी पुढे वाचलं. पर्वताशी आल्यावर तिने पुन्हा थांबवलं. "हे पर्वत कुठून आली?"

"अगं, पर्वत म्हणजे तुझ्या... अडचणी."

"आत्या, आय हॅव अ ब्रॅकेट. पर्वत नाहीये." तिने वडा मोडला, चटणीत बुडवला. "आणि यात मी वाजवते काय, ते कुठे आहे?"

"आहे की. हे बघ, 'सुमधुर स्वरांची बरसात'."

"ते तर एव्हरीबडी. तू किती शोजला आलीस माझ्या?"

"सगळ्या," मी ठसक्यात म्हटलं. आणि ते खरं होतं. पावसात, वाऱ्यात, घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन मी सगळ्या शोजना गेले होते.

"मग माझा सोलो गा."

"काय?"

"तुला गाता येतं ना. गाऊन दाखव. कसा आहे?"

मी गाण्याच्या दोन परीक्षा दिलेली बाई. कुणी बेसूर गायलं तर माझ्या कपाळावरची आठी दुसऱ्या रांगेतून दिसते. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. सुरुवातही आठवेना. माझ्या डोळ्यांसमोर येत होती ती फक्त खोबणी. प्रत्येक शोला ती पुढे आली की मी त्या पट्ट्याकडे बघत, तो सुटू नये म्हणून देवाचा धावा करत बसायचे. टाळ्या सुरू झाल्या की सुटकेचा निःश्वास टाकायचे. दोन उन्हाळे मी तिला बघितलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

मला इतकी लाज वाटली, की उगाच उठून मी गॅस बारीक केला. तो आधीच बंद होता.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "शाळेत असताना ना," ती म्हणाली, "मी स्टेजवर आले की लगेच लोक क्लॅप करायचे. मी अजून वाजवलंच नाही. मग मी वाजवलं काय आणि नाही काय, सेम. कोअरमध्ये तसं होत नाही. तिथे चुकलं की ओरडतात. आय लव्ह इट." मग ताट सरकवत म्हणाली, "मी सत्काराला येईन, बाबांना हवंय म्हणून. पण तू हे वाचलंस तर मी उठून जाईन. आणि मग मला नाही वाटत मी इथे तशीच येऊ शकेन. सॉरी."

ती तसं बोलत नाही कधी. ती गेल्यावर मी उरलेले वडे डब्यात भरले आणि मला खरोखरच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी रविवार, कोअरची तालीम. शहराच्या उत्तरेला एका शाळेच्या मैदानावर ती दिवसभर चालते. मी न सांगता गेले. मैदानाच्या कडेला वाद्यांची मोठी व्हॅन उभी होती. तिच्या आडोशाला मी खुर्ची मांडली आणि मैदानाकडे पाठ करून बसले. समोर कुंपण, कुंपणापलीकडे एका घराची वाळत घातलेली चादर. बघायला दुसरं काही नव्हतं, आणि तेच मला हवं होतं.

त्यांची शिकवणारी बाई माझ्याच वयाची, आवाज असा की माइकची गरज नसावी, तरी हातात माइक. तिने भाचीकडून तिचा एकटीचा तुकडा वाजवून घ्यायला सुरुवात केली. आठ ओळींचा तुकडा. "अगेन!" पुन्हा. "लेझी! अगेन!" मी मोजलं, चौदा वेळा. पाचव्या वेळेला माझा पाय ठेका धरायला लागला. आठव्याला मी गुणगुणत होते. सुरुवातीला सूर अगदी हळू येतो, घरात कुणी झोपलंय अशा बेताने. मग तो वर चढतो, आणि वर गेल्यावर ती घाई करत नाही, तिथे निवांत राहते. इतका दम तिच्याकडे कुठून येतो कोण जाणे. मग खाली उतरताना शेवटून दुसरा एक सूर आहे, खूप खालचा. तो चढा लागायचा आणि मग ओघळून जागेवर यायचा. चौदाच्या चौदा वेळा.

मी कान टवकारले. मला चूक सापडली होती! तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो त्या 'रणरागिणी'ने झाला नव्हता. मी पर्समधून लॅबच्या लेबलांचा गठ्ठा काढला आणि कोऱ्या बाजूवर भराभरा लिहीत सुटले. डोळ्यांत पाणी होतं आणि नाक गळत होतं, वाराही होताच म्हणा. घरी येताना ट्राममध्ये मी तो तुकडा गात होते, आणि समोरच्या माणसाने जागा बदलली.

नवीन मानपत्र एका पानाचं झालं. त्यात नियती नव्हती, पर्वत नव्हता. त्यात ती काय वाजवते आणि कसं, एवढंच होतं. आणि शेवटी तो खालचा सूर.

अध्यक्षांना ते पाठवलं तेव्हा पाच मिनिटांत फोन. "ताई, यात संघर्ष कुठे गेला?"

"संघर्ष नाहीये. वादन आहे."

"पण लोकांना प्रेरणा मिळते हो त्यातून. आणि हे शेवटी काय? चूक? मानपत्रात कुणी चूक काढतं का?"

"मी काढते."

"अहो, कसं दिसेल ते?"

"दिसायचं नाहीये, ऐकायचं आहे," मी म्हटलं, आणि आवाज जरा चढलाच माझा. ते "बघू" म्हणाले. अध्यक्षांचं 'बघू' म्हणजे नाही, हे बारा वर्षांत मला माहीत झालेलं आहे.

रात्री भावाचा फोन. त्यालाही कळलं होतं. "ताई, सगळ्यांसमोर तिची चूक नको ना गं काढूस. किती कष्ट केलेत तिने." त्याचा आवाज असा होता की माझा धीर सुटला. त्याच्या नऊ खोबण्या आठवल्या. मी दोनदा ते वाक्य खोडलं आणि दोनदा परत लिहिलं. ते काढलं तर राहिलेलं सगळं कौतुकच, आणि कौतुक तिला लहानपणापासून पोतंभर मिळालेलं. ठेवलं आणि तिला लागलं, तर माझे शनिवार संपले. शेवटी मी ते ठेवलं. पण छाती ठोकून नव्हे, हे नक्की.

सत्कार गणपतीच्या दुसऱ्या रविवारी दुपारी, नेहमीच्या कम्युनिटी हॉलमध्ये. दारात चपला-बुटांचा ढीग, फायर अलार्मच्या भीतीने समईत बॅटरीच्या वाती, मागे मोदकांचे ट्रे. भाची निळ्या काठाची साडी नेसून आली होती आणि साडीवर खोबणी बांधलेली होती, कारण नंतर वाजवायचं होतं. अध्यक्षांनी शाल घातली. मग श्रीफळ आलं, पिशवीत, रिबन लावून. तिने पिशवीतून नारळ काढला, डाव्या काखेत मारला, पुष्पगुच्छ उजव्या हातात घेतला आणि फोटोसाठी हसली. कमिटीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

मग अध्यक्षांनी मला बोलावलं आणि माझ्या हातात फ्रेम दिली. सोनेरी चौकट, मखमली पाठ. आत मोठ्या अक्षरात 'क्रूर नियतीने'.

"अहो, हे जुनं आहे!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"फ्रेमवाल्याला आधीच दिलं होतं ना. वाचा आता, लोक थांबलेत."

भाची तीन हातांवर खुर्चीत बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिला देवनागरी सावकाश वाचता येतं, पण 'रणरागिणी' हा शब्द तिने नक्की ओळखला असता. मी फ्रेम उलटी फिरवली, छातीशी धरली, आणि दुसऱ्या हातात माइक असल्याने पर्समधला कागद काढता येईना, म्हणून पाठ होतं तसं बोलायला लागले. म्हटलं, की हिचा सूर कसा हळू येतो, वर कसा निवांत राहतो, आणि तिथे ती श्वास कुठे घेते हे चौदा वेळा ऐकूनही मला सापडलेलं नाही. मागे पळणारी पोरंही थांबली.

"आणि शेवटून दुसरा सूर," मी म्हटलं, "ती चढा लावते आणि मग खाली आणते. तो सूर चुकतो. एवढी एक खोट दूर झाली, तर या वादनात मला बोलायला जागा उरणार नाही."

टाळी नाही. कुठेतरी खुर्ची करकरली. अध्यक्ष खोकले. माझा भाऊ पायांकडे बघत होता. मला वाटलं, झालं, गेले माझे शनिवार.

भाची उठली. नारळ आणि पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला, आणि सरळ माझ्याकडे आली. माझ्या हातातला माइक काढून घेतला. "आत्या," ती म्हणाली, "तो सूर चुकीची नाहीये!"

"आहे."

"नाहीये! ऐक ना." तिने माइक माझ्या हातात परत दिला, टेबलावरचा ट्रम्पेट उचलून खोबणीत बसवला आणि त्याची एक बारीक नळी लोकांना दाखवली. "ही स्लाइड. खालचा सूर नॅचरली हाय येतो, सगळ्यांचा. मग डाव्या हाताचा फिंगर इथे घालून बाहेर ढकलतात, की तो खाली येतो. मला तिथे फिंगर नाही. सो मी ओठांनी खाली ओढते. आधी मला ते नीट जमायचं नाही, म्हणून स्लो व्हायचं. मग मला तसंच आवडायला लागलं. आता आमच्या सेक्शनमध्ये सगळे स्लाइड न वापरता तसंच करतात, माझ्यासारखं. ट्रेनर म्हणते, परफेक्ट."

तिने उजव्या हाताने ती नळी बाहेर ओढून एकदा तो सूर सरळ वाजवला. स्वच्छ, जागच्या जागी. मग नळी आत ढकलली आणि शेवटची ओळ आपल्या पद्धतीने वाजवली.

"ही मींड आहे हो!" दुसऱ्या रांगेतले एक काका उभे राहिले. ते दर गुरुवारी भजन म्हणतात. "काय सुंदर मींड आहे!"

"मींड एका सुरावरून निघून दुसऱ्यावर घसरते," पलीकडच्या काकू म्हणाल्या, "ही अधांतरी निघतेय. ताई बरोबर आहेत."

"पहिला जास्त चांगला होता."

"छे, पहिला कोरडा. दुसराच."

बघता बघता हॉलचे दोन तट पडले. भाऊ मान वर करून, हातवारे करत शेजारच्याला काहीतरी पटवत होता. तो माझ्या विरुद्ध बाजूला होता. अध्यक्ष "शांतता, शांतता" म्हणत होते आणि मधूनच स्वतःही सांगत होते, की त्यांना पहिला बरा वाटला. कुणीही तिच्या हाताकडे बघत नव्हतं. सगळे कान देऊन, डोळे बारीक करून, त्या एका सुरावर भांडत होते.

ती मध्ये उभी होती. शाल एका खांद्यावरून घसरलेली, गाल लाल झालेले. इतकी खूश मी तिला ट्रॉफी घेतानाही पाहिली नव्हती. ती माझ्याकडे वळली.

"पटलं ना आता?"

तिला खोटं सांगणं मला शक्यच नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "मला अजून चढाच वाटतो. पुन्हा वाजव."

तिने शालीला ओठ पुसले आणि ट्रम्पेट वर घेतला.